मुका मार

बावधन
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. साष्टांगातली जेवढी अंगं सध्या कामावर आहेत तेवढ्यांचाच नमस्कार समज. बाकीची रजेवर आहेत, अर्ज न देता.

पत्रास कारण एक गंभीर तक्रार. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर एका माशीनं अतिक्रमण केलं आहे. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, खरेदीखत नाही, कूळ म्हणूनही ती कधी नव्हती. तरी रोज साडेदहाला येते आणि बसते. मालक समोर पडून बघत असतो. मुळशी तालुक्यात इतकी बिनविरोध जागा अलीकडे कुणाला मिळालेली नाही. सिस्टरकडे दाद मागितली, तर तिनं विचारलं, चावते का? मी म्हटलं, तेच तर कळत नाही.

अक्षर पाहून दचकू नकोस. हाताचे व्यायाम घेणारी जुईली नावाची मुलगी आहे, माझ्या निम्म्या वयाची आणि दुप्पट कडक. तिचा हुकूम आहे की रोज पाऊण तास हातानं लिहायचं, फोनवर बोट फिरवलेलं चालणार नाही. तीस वर्षं शाळेत पोरांना शुद्धलेखन काढायला लावलं, ते सव्याज परत आलं. तसाही फोनवर माझा राग आहेच. संपादकाला लेख पाठवायला रेंज मिळेना म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढलो आणि तिथून अंगणात आलो, जिना न वापरता. लेखाचा विषय ‘सुबरी’ होता.

काल डॉक्टरांनी मानेचे फोटो दाखवले. सहा स्क्रू आणि एक पट्टी, अगदी सुताराचं काम. त्यांचं म्हणणं, मार दोनदा बसतो. पहिला पडताना, क्षणात. दुसरा पुढचे कितीतरी तास, दिवस बसत राहतो, तो सुजेचा. मज्जारज्जू म्हणजे करंगळीएवढी दोरी, हाडाच्या अरुंद खोलीत ठेवलेली. तिला इजा झाली की अंगातल्या पेशी मदतीला धावतात. हेतू कुणाचा वाईट नसतो. पण खोलीच्या भिंती सरकत नाहीत आणि मंडळी येतच राहतात. मी म्हटलं, म्हणजे आजाऱ्याला भेटायला येणारे. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांनी मान्य केलं.

माझ्याकडेही तेच चाललंय. कोळवण खोऱ्यातलं एक घर राहिलं नसेल. प्रत्येकजण शहाळं ठेवतो, पाय दाबतो आणि विचारतो, कळतंय का मास्तर. मी म्हणतो, तुमचं प्रेम कळतंय. फक्त एकजण आला नाही, चाँदभाई. तुला आठवेल, पौडचा, चौथीपर्यंत माझ्या बाकावर होता. कोळवण-पौड वडाप जीप चालवतो. त्या संध्याकाळी मला पौडपर्यंत त्यानंच नेलं. आता गावानं असं ठरवलंय की मास्तर जीपमध्ये चढवले तेव्हा बोलत होते आणि उतरवले तेव्हा पाय गेलेले होते, म्हणजे जीपच्या गचक्यांनी गेले. आपला कैलास तर पौड ठाण्यात अर्ज द्यायचा म्हणतोय. पोराला बापावर राग काढता येत नाही, मग कुणावर तरी काढणार.

माझ्या खाटेखाली एक लाकडी फळी आहे. पहिल्या दवाखान्यातून माझ्याबरोबरच आली. भरती करताना सिस्टरनं यादीत लिहिलं, चष्मा एक, फळी एक. झाडणारी मावशी रोज तिला अडखळते आणि रोज विचारते, ही कुणाची. मी सांगतो, माझी नाही.

तुझी भावजय शुभांगी बरी आहे, म्हणजे बोलत नाही.

लोभ आहे, तो पत्ता बदलला तरी पोचता राहू दे.

तुझा,
दया

* * *

मिरज
५ मार्च २०२५

चि. दया यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. जन्मभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या, त्याचा उपयोग झाला. ‘सबुरी’ हा शब्द मात्र तू ‘सुबरी’ लिहिला आहेस. जुईलीला सांग, मास्तरांना पाच वेळा लिहायला लाव.

सुजेबद्दल डॉक्टरांनी सांगितलं ते खरं, पण तू नेहमीसारखं विनोदापुरतं ऐकलंस. भेटायला येणारे नुसती गर्दी करत नाहीत. त्यांतले काही मेलेलं उचलून नेतात, सांडलेलं पुसतात, तुटल्या जागेला कड बांधतात. त्यांना दारातच अडवलं तर घाण तशीच राहते. आत घेतलं तर शेजारचं धडधाकट तुडवतात. मी नर्स म्हणून वॉर्डात होते तेव्हा मानेचा-पाठीचा मार आला की सूज उतरावी म्हणून स्टिरॉइडचे मोठे डोस लगोलग लावायचे. पुढं लक्षात आलं की फायदा थोडा आणि जंतूंना दार मोकळं. आता सरसकट देत नाहीत. डोक्याच्या माराचंही तेच, कवटी म्हणजेही बंद खोलीच. इतकी वर्षं नोकरी करून मला एवढंच कळलं की सुजेला शिव्या द्यायच्या की आभार मानायचे, हे घड्याळ बघून ठरतं. पहिल्या दिवसाची वेगळी, तिसऱ्या आठवड्याची वेगळी.

म्हणून विचारते. तू सकाळी अकराला पडलास. जीप पाचला आली. मधले सहा तास तुझ्या पत्रात नाहीत. पायाची बोटं नक्की कधी थांबली?

परवा कमरबीचा फोन आला होता, चाँदभाईच्या बायकोचा. रडली नाही. म्हणाली, अक्का, हे सकाळी जीप घेऊन जात्यात आन् रिकामी घेऊन येत्यात. शाळेच्या पोरांची फेरी गेली. थांब्यावरची माणसं दुसऱ्या गाडीची वाट बघत उभी राहत्यात, ही दारात उभी असताना. आणि म्हणाली, पयले लोक चाँदभाईची जीप म्हणायचे, आता ‘त्यांची जीप’ म्हणत्यात. मग तिनं एवढंच विचारलं की मास्तर काय म्हणत्यात. मी म्हटलं, विचारून सांगते. उत्तर येत असेल तर कळव.

शुभांगीला थोडं झोपू दे. ती बोलत नाही म्हणजे बरी आहे, हे तुला कुणी शिकवलं?

आशीर्वाद आहेतच, ते तुझ्या गुणांवर अवलंबून नाहीत.

अक्का

* * *

बावधन
१७ मार्च २०२५

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. सबुरी, सबुरी, सबुरी, सबुरी, सबुरी. झाले पाच.

माशीनं दुसरी माशी आणली आहे. बहुधा प्लॉट पाडणार.

तू सहा तास मागितलेस, त्यांतले काही देतो. अंगणात पडलो तेव्हा मानेत कळ होती, पण पायाची बोटं हलत होती. मी सगळ्यांना हलवून दाखवली. दहा-बारा माणसं जमलेली. रक्ताचा थेंब नाही, तेव्हा सर्वांनी एकमतानं निकाल दिला, मुका मार हाय, रगात न्हाई, लेप लावला की हुईल गप. मराठीत इतका फसवा शब्द दुसरा नसेल. वाहत नाही तो मुका, आणि मुका म्हणजे किरकोळ.

तेवढ्यात चाँदभाईची जीप थांबली. तो धावत आला आणि ओरडला की कुणी हात लावू नगा, मान हलवू नगा, फळी आना, फळीवरनं नेऊ, मी आत्ता नेतो. ड्रायव्हर लोकांच्या कुठल्याशा शिबिरात शिकला होता. आणि अक्का, मी जमिनीवर उताणा पडून त्याला म्हणालो, चाँद, फळीवर घालून कुठं नेतात ते मला ठाऊक आहे, एवढी घाई नको. अंगण हसलं. खूप हसलं. तोही हसला, तोंड पाडून. मग म्हणाला, तुमची मर्जी मास्तर. जीपमध्ये माणसं खोळंबली होती, तो गेला. त्यानंतर चौघांनी मला उचललं, दोघं काखेत, दोघं पायाला, आणि खाटेवर टाकलं. मीच उचला म्हणालो होतो. मग पाणी, मग हळद-तुरटीचा गरम लेप. शुभांगीनं तीनदा लावला.

पुढं दुपार होती. दुपारचं नीट आठवत नाही.

इथं जुईली माझ्याकडून सही गिरवून घेते आहे. म्हणते, सही आली की माणूस परत माणसांत येतो. रविवारी कैलास टाईप केलेला अर्ज घेऊन आला. चाँदभाईच्या निष्काळजीपणामुळे वगैरे. सगळं तयार आहे, खाली माझं नाव आणि वर रिकामी जागा. घाई नाही अण्णा, हात वळेल तेव्हा करा, म्हणाला. अर्ज उशीखाली आहे. जुईलीला यातलं काही ठाऊक नाही. तिचं मत आहे की माझ्या ‘दयानंद’मधला ‘द’ आता सुरेख वळतो.

लोभाचा ओघ चालू असावा. इकडं कोरडं आहे.

दया

* * *

मिरज
२६ मार्च २०२५

चि. दया यास,

आशीर्वाद.

आज थट्टा नाही. केसपेपरवर सगळं चुकलं तरी चालेल, वेळ चुकायची नाही, असं मी नव्या मुलींना सांगायची. म्हणून आधी माझी वेळ लिहिते.

त्या दिवशी दुपारी साडेबाराला शुभांगीनं रेंज लागते तिथं, एसटीच्या थांब्यावर जाऊन मला फोन केला होता. तिनं तुला सांगितलं नसणार. म्हणाली, वन्सं, हे पडलेत, पण बोलताहेत, विनोद करताहेत, रक्त नाही, मुका मार आहे म्हणतात सगळे. मी विचारायला हवं होतं की कितीवरून पडला, मान कशी आहे, कुणी उचललं का. ते मी पोरींकडून तोंडपाठ करून घेत असे. पण गॅसवर दूध होतं आणि ‘विनोद करताहेत’ ऐकून मी निर्धास्त झाले. म्हणाले, हळद-तुरटीचा लेप लाव, दर तासाला. तो लेप माझा आहे, दया. सूज आत होती आणि मी बाहेरून लेप लावायला सांगितला.

किती पडण्यानं गेलं, किती उचलण्यानं, किती सुजेनं, ही वाटणी कुठल्याच तलाठ्याच्यानं होणार नाही. डॉक्टरही करणार नाहीत. लगेच नेलं असतं तर वाचलं असतं, असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण जीपच्या आधी की नंतर, एवढं एका माणसाला ठाऊक आहे, आणि त्याला दुपारचं नीट आठवत नाही.

आठव.

अक्का

* * *

बावधन
७ एप्रिल २०२५

ती. अक्कास,

तीन वाजता.

नमस्कार राहिला. सा. न.

तीनची एसटी वळणावर हॉर्न देते. मी पडल्या पडल्या खेळ करत होतो, हॉर्न वाजला की बोटं हलवायची. वाजला. हलली नाहीत. ड्रायव्हरनं पुन्हा वाजवला, रस्त्यात म्हैस असेल. मी पुन्हा सांगितलं, हला. मग उजव्या पायाला सांगितलं. माझ्याच पायांना मी वर्गातल्या पोरांसारखं नावानं हाक मारली असेल. कुणी उठलं नाही.

तेवढ्यात शुभांगी चहा घेऊन आली. विचारलं, कसं वाटतंय. मी म्हटलं, आता दुखत नाही. ते खरं होतं, अक्का. काहीच दुखत नव्हतं. ती इतकी खूश झाली. म्हणाली, बघा, लेप लागू पडला, सूज उतरली. आणि तिसरा थर लावायला बसली. तिचा हात मानेवर फिरत होता आणि खाली मी कुणाच्या तरी दुसऱ्याच्या पायांकडं बघत होतो. दोन तास मी तसाच गप्प राहिलो. वाटलं, मुंग्या आल्या असतील, उठतील. भीतीही वाटली नाही. आजही वाटत नाही. बोलायचं होतं तेव्हा विनोद केला आणि विनोद करायचा तेव्हा गप्प बसलो, एवढंच.

पाचला चाँदभाई शेवटची फेरी सोडून आला. जीपमधल्या बाकड्याची फळी उचकटून घेऊन आला होता. कुणाला विचारलं नाही. मला फळीवर सरकवलं, मानेला दोन्हीकडून चादरीच्या गुंडाळ्या लावल्या, कपाळ आपल्या रुमालानं फळीला बांधलं आणि पौडपर्यंत बैलगाडीच्या चालीनं नेलं. त्या सहा तासांत माझ्या अंगाला लागलेल्या हातांत शहाणे हात तेवढेच. पौडला डॉक्टरांनी विचारलं, पाय केव्हापासून गेले. शुभांगी शेजारी उभी होती, हाताला हळद तशीच. मी तीन म्हणालो असतो तर तिला चहा आठवला असता. म्हणून म्हणालो, आत्ताच. गावानं पुढची गोष्ट त्या एका शब्दावर रचली, आणि मी ती पाडली नाही. तीन महिने माणसं येत राहिली, चाँदभाईला शिव्या देत राहिली, मी शहाळं पीत राहिलो.

काल शुभांगीला सांगितलं. ती चादरीची घडी घालत होती. घडी पुरी केली, मग म्हणाली की मला माहीत आहे, चहा घेताना तुम्ही नेहमीसारखा पाय जवळ घेतला नव्हता. एवढंच. ती तीन महिने का बोलत नव्हती ते मला कळलं. घरात दोघं, आणि दोघंही मुका मार खाल्लेले.

मग कैलासच्या अर्जाची पाठ कोरी होती तिथं लिहिलं. ‘दि. ९ जानेवारी २०२५, दुपारी तीन वाजता माझे पाय थांबले. जीप पाच वाजता आली. चाँदभाई यांनी सकाळी अकरालाच मला न हलवता फळीवरून नेण्यास सांगितले होते. ते मी ऐकले नाही.’ खाली सही केली. ‘द’ सुरेख वळला, ‘नं’वरचं टिंब राहिलं ते नंतर दिलं. कैलासनं उभ्या उभ्या वाचलं. म्हणाला, अण्णा, मग मी कुणाला धरू? मी म्हटलं, सध्या ही चाकाची खुर्ची धर, बाहेर ने. बाहेर गेल्यावर सांगितलं की हे पौडला चाँदभाईच्या घरी नेऊन दे, आणि वाटेत थांब्यावर वाचून दाखव.

लोभ मागायचा आज धीर नाही. असेल तसा पाठव.

दया

* * *

मिरज
१५ एप्रिल २०२५

चि. दया यास,

आशीर्वाद, दोन्ही हातांनी.

तुझं पत्र देवासमोर ठेवलं नाही. ड्युटीचं रजिस्टर ठेवायची त्या कपाटात ठेवलं. वेळ नोंदली गेली आहे, आता केसपेपर पुरा.

शुभांगीला मी फोन केला. दोघी बराच वेळ लेपाबद्दल बोललो, म्हणजे लेप कसा करतात याबद्दल. हळद किती, तुरटी किती. बाकीचं तिला कळलं, मलाही.

डाव्या अंगठ्याचं काय? माशीची खबर कळव.

अक्का

* * *

कोळवण
२१ मे २०२५

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. सोमवारी घरी आलो. डावा पाय गुडघ्यात थोडा ओढता येतो, उजवा अजून विचार करतोय. डॉक्टर म्हणतात, सूज केव्हाच गेली, आता उरलाय तो व्रण. तो राहणार, आणि वाट सापडली तर त्याच्या कडेनंच सापडणार. अंगठ्याची खबर म्हणशील, तर माशी बावधनलाच राहिली. ताबा तिच्याकडे आहे.

कैलासनं भाड्याची मोठी गाडी ठरवली होती, एसी. मी रद्द करायला लावली. डॉक्टरांना विचारून, मानेला पट्टा घालून, चाँदभाईच्या जीपमधून आलो. पुढच्या सीटवर. त्याला निरोप धाडला होता. तो यायला तयार नव्हता. कमरबीनं त्याला घराबाहेर काढलं आणि जीपची किल्ली मागून फेकली, असं कैलास सांगतो. चार महिन्यांनी पाहिलं. दाढीत पांढरं जास्त झालंय. भूगाव गेलं, पिरंगुट गेलं. मला मास्तर मास्तर करत होता, जसा मी त्याच्या पोराचा शिक्षक. खड्डा आला की गाडी इतकी हळू घेई की मागचे हॉर्न देऊन देऊन थकले.

पौडला बाजार भरला होता. बाहेरून जायला रस्ता होता. मी म्हटलं, आतून घे. तो म्हणाला, गर्दी हाय. मी म्हटलं, म्हणूनच. भाजीवाल्यांच्या मधून पंधरा मिनिटं लागली. काच खाली होती. ज्यांनी ज्यांनी शहाळं आणलं होतं ते सगळे रस्त्याच्या दोन्ही बाजूला होते. मी कुणाला काही सांगितलं नाही. प्रत्येकाला हात केला, उजवा, बोटं जेवढी उघडतात तेवढी उघडून. थांब्यावर दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. जीप बघून एकीनं विचारलं, कोळवण का? चाँदभाईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मला काय बघतोस, गाडी तुझी. त्या मागं चढल्या.

गावाच्या वळणावर त्यानं मला पहिल्यांदा दया म्हटलं. त्याच्या पुढं जे म्हणाला ते चौथीतलं होतं, पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तू पावसाआधी येऊन जा. शुभांगी वाट बघते, आणि तसं बोलूनही दाखवते. लोभ पुरेसा झाला आहे, आता माणूस पाठव.

तुझा,
दया

ता. क. फळीचं लिहायचं राहिलं. जीपमागचं डावं बाकडं चार महिने तसंच उघडं होतं, नुसत्या लोखंडी पट्ट्या. त्या बायका उजव्या बाजूला दाटीनं बसून आल्या. त्यानं फळी कधी मागितली नाही. अंगणात गाडी थांबल्यावर मी कैलासला फळी काढायला सांगितली, आणि खिशातले चार स्क्रू बाहेर काढले. जुईलीकडून मागून आणले होते, चिमटीचे व्यायाम घेताना ती असलेच वापरते. चाँदभाई जीपमागं गुडघे टेकून बसला, मी खुर्चीत त्याच्या शेजारी. एकेक स्क्रू चिमटीत धरून मी त्याच्या तळहातावर ठेवला. तीन बसले. चौथा माझ्या बोटांतून निसटून अंगणात पडला. त्यानं तो शोधला, मातीतून उचलून पुसला आणि पुन्हा माझ्याच हातात दिला. मी परत दिला.